प्रश्नोत्तरे: ‘आम्ही पुष्टी करत नाही’ ही ओळ कुणाला वाचवते?

दिल्लीतलं सरकार डळमळायला लागलं की या सदराकडे एकच शंका वेगवेगळ्या लिफाफ्यांतून येते: पंतप्रधानांवर किती आणि कसं लिहायचं? माध्यम-कायद्याच्या अंगाने निवडक पत्रांना उत्तरं देतो.

‘पंतप्रधानांनी राजीनामा द्यावा’ असा अग्रलेख छापला. हा देशद्रोह होतो का? (साप्ताहिकाचे संपादक, गडहिंग्लज)

नाही. राजीनामा मागणं हे लोकशाहीतलं रोजचं काम आहे. भारतीय दंड संहितेतलं देशद्रोहाचं जुनं कलम १२४अ असतानाही हिंसेला किंवा सार्वजनिक अशांततेला चिथावणी असल्याशिवाय टीका गुन्हा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच केदारनाथ सिंह खटल्यात सांगितलं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, देशाचं सार्वभौमत्व व एकता धोक्यात आणण्याबद्दलचं कलम १५२ आहे. त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, म्हणून लोक घाबरतात. पण सनदशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून सरकारच्या कारभाराबद्दल नापसंती व्यक्त करणं हा गुन्हा नाही, असं त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. मथळ्यात मात्र ‘उठाव’, ‘पेटवा’ असले शब्द उगाच घालू नका. घातलेच असतील तर अंक छपाईला जाण्याआधी वकिलाला दाखवा.

‘६६अ लागेल’ असं एकाने धमकावलं. (इचलकरंजी)

माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. धमकी देणाऱ्याला तारीख सांगा.

मी व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन आहे. सदस्याने पंतप्रधानांवर आक्षेपार्ह मजकूर टाकला तर गुन्हा माझ्यावर होईल का? (जयसिंगपूर)

केवळ ॲडमिन आहात म्हणून नाही. समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसलं नाही तर ॲडमिन जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तोच मजकूर तुम्ही स्वतः पुढे ढकलला असेल, तर तुम्ही ॲडमिन नसून लेखक-प्रकाशकांच्या रांगेत आहात.

खासदारांनी पाठिंबा काढल्याचं एक पत्र सगळीकडे फिरत होतं. आम्ही ते ‘व्हायरल पत्र, आम्ही पुष्टी करत नाही’ असं लिहून चालवलं, सोबत पंतप्रधानांनी पैसे वाटल्याचा त्यातला आरोपही. खाली तळटीप होती, म्हणजे आम्ही सुरक्षित ना? (यूट्यूब चॅनेल, कोल्हापूर शहर)

अजिबात नाही. हीच ओळ दर आठवड्याला कुणीतरी ढाल म्हणून पुढे करतं, म्हणून जरा सविस्तर.

बदनामीच्या कायद्यात दुसऱ्याचा आरोप छापणं हेही छापणंच असतं. ‘कथित’, ‘सूत्रांनुसार’, ‘सोशल मीडियावर चर्चा’ आणि मथळ्याच्या शेवटचं प्रश्नचिन्ह, यांतलं काहीही जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर टाकत नाही. उलट ‘पुष्टी करत नाही’ या शब्दांत तुम्ही स्वतःच कबूल करता की तपासलं नाही, तरी छापलं. न्याय संहितेच्या बदनामीच्या कलम ३५६ मध्ये दहा अपवाद आहेत. लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावरचं मत त्यात येतं, पण ते ‘सद्भावनेने’ असावं लागतं. आणि पुरेशी काळजी व लक्ष न देता केलेली गोष्ट कायदा सद्भावनेची मानत नाही. तुमची तळटीप नेमकी तिथेच तुम्हाला पाडते.

कोल्हापूरकरांनी तरी हे विसरू नये. इथल्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाच्या बातम्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापल्या, कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवला, आणि आधार म्हणून वापरलेली पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. हेतू चांगला होता, कळकळ खरी होती. कागद खोटा होता.

आता करायचं काय? आधी कागद घ्या. पत्रावर तारीख, जावक क्रमांक, सह्या आहेत का? सहीवाल्या प्रत्येक खासदाराला वेगळा फोन लावा, वेळ लिहून ठेवा. दोघांनी हो म्हटलं म्हणून बाकीच्यांच्या सह्या खऱ्या ठरत नाहीत. मग आकडा तपासा. लोकसभा ५४३ जागांची, सगळ्या भरलेल्या असतील तर बहुमत २७२. घटनेच्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात विलीनीकरणाला सभागृहातल्या त्या पक्षाच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते. पत्रातली संख्या त्याखाली असेल, तर सह्या करणारे आपलीच खासदारकी कशी पणाला लावतात, हा प्रश्न बातमीत यायलाच हवा. ‘सरकार पडलं’ हा शब्द तर सभागृहातल्या मतदानाआधी नकोच. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. सकाळी छातीठोकपणे आकडे सांगणाऱ्यांचं संध्याकाळी काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको.

पैशांचा आरोप ही पाठिंब्यापेक्षा निराळी गोष्ट. पाठिंबा काढला म्हणणं ही राजकीय बातमी, पैसे दिले म्हणणं हा गुन्ह्याचा आरोप. त्यासाठी पंतप्रधान कार्यालयाला आणि पक्षाला लेखी प्रश्न पाठवा, उत्तराला वाजवी वेळ द्या, उत्तर आलं नाही तर तेही छापा. तोच आरोप सदस्याने सभागृहात केला असेल, तर कामकाजाचा द्वेषरहित आणि खरा वृत्तान्त घटनेच्या अनुच्छेद ३६१अ खाली सुरक्षित आहे. बाहेर पायऱ्यांवर दिलेल्या बाइटला मात्र ते संरक्षण नाही. इथेच निम्मे फसतात.

आणि फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या प्रतीतली मूळ माहिती बहुधा गळून पडते. पाठवणाऱ्याकडून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, कुणाकडून कधी आली ते लिहा, हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) काढून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात ते मागतात. व्हिडिओ गुपचूप उडवून टाकू नका. मूळ प्रत वेगळी ठेवा, दुरुस्ती जाहीर लावा, आणि हे सगळं या आठवड्यातच वकिलाच्या टेबलावर ठेवा.

बदनामीचा खटला पक्षाचा कुठलाही कार्यकर्ता भरू शकतो का? (कागल)

सहसा नाही, तक्रार बाधित व्यक्तीने करायची असते. पंतप्रधानांच्या सरकारी कामाबद्दल असेल तर सरकारी वकीलही, केंद्राची मंजुरी घेऊन, सहा महिन्यांच्या आत थेट सत्र न्यायालयात तक्रार करू शकतात. बदनामी अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत, म्हणून पोलीस ठाण्यात नेताना सोबत न्याय संहितेचं कलम १९६ (गटांत वैर वाढवणं) किंवा ३५३ (अशांतता माजवणारी विधानं) जोडलं जातं. तक्रारीत नेमकी कुठली कलमं आहेत ते वाचल्याशिवाय घाबरूही नका, निर्धास्तही राहू नका.

पोलिसांची नोटीस येऊन दीड महिना झाला. ‘मिटवून देतो’ म्हणणारे एक गृहस्थ भेटले आहेत. त्यांच्याकडून प्रेस कार्डही घेऊ का? (करवीर तालुका)

दीड महिना! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे अटक न करता चौकशीला बोलावणारी नोटीस असेल तर दिलेल्या तारखेला हजर राहायचं असतं. न राहिल्यास अटकेचा रस्ता उघडतो. आजच वकील गाठा, येण्यास उशीर का झाला ते लेखी द्या. कुठलंही कार्ड फौजदारी कायद्यापासून वाचवत नाही, गळ्यात लटकवा की गाडीच्या काचेला चिकटवा. गृहस्थांना चहा पाजून वाटेला लावा, पैसे देऊ नका.

गुन्हा दुसऱ्या राज्यात नोंदला आहे. आता कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, इथेच रद्द करून घेता येईल ना? (राजारामपुरी)

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेलं मुंबई उच्च न्यायालयाचं हे बेंच कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी आहे. परराज्यातला गुन्हा रद्द करायचा तर त्या राज्याच्या उच्च न्यायालयात जावं लागतं. इथून मर्यादित मुदतीचा संक्रमणकालीन अटकपूर्व जामीन (त्या राज्यातल्या न्यायालयात पोहोचेपर्यंत अटकेपासून संरक्षण) मिळू शकतो; २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाट मोकळी केली. पत्रकार विनोद दुआ यांच्यावर हिमाचल प्रदेशात दाखल झालेला गुन्हा ३ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, पण तो निकाल दाखवून प्रत्येकाचा गुन्हा आपोआप रद्द होत नाही. दोन्हीकडचे वकील लागतील.

मी त्या नेत्याचा समर्थक आहे. एक दैनिक रोज खोटं छापतं. काय करू? (शाहूपुरी)

आधी संपादकाला लेखी कळवा, कोणतं वाक्य आणि का खोटं ते सांगून. समाधान झालं नाही तर प्रेस कौन्सिलकडे जा. दैनिकाच्या मजकुराबाबत मुदत प्रकाशनापासून दोन महिने. कौन्सिल ताशेरे ओढू शकतं, दंड करू शकत नाही, आणि वाहिन्या त्याच्या कक्षेत नाहीत. ‘रोज खोटं’ एवढ्यावर तक्रार टिकत नाही. कात्रणं तारखेनिशी लावा. मत न पटणं आणि तथ्य चुकीचं असणं हे वेगळं काढलंत, तर कात्रणांचा गठ्ठा निम्म्याने कमी होईल.