बेरीला जावं का?

प्रश्न : मुलगी मँचेस्टरला असते, यंदा दिवाळी तिच्याकडेच आहे. शाळेत इतिहासात धावत्या धोट्याचा जॉन के शिकलो होतो, त्याचं बेरी गाव तिथून जवळच आहे. पण जावई म्हणतात, तिथं आता काही राहिलं नाही, गिरण्या गेल्या, फुटबॉल क्लबपण बुडाला. तरी जावं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काका, नक्की जा आणि शक्यतो शनिवारीच जा, कारण त्या दिवशी बाजार पूर्ण भरतो. मँचेस्टरहून ट्राम थेट बेरीत सोडते. बाजारातलं ब्लॅक पुडिंग फेमस आहे पण ते डुकराच्या रक्ताचं असतं, चालत असेल तरच खा.

जॉन के चं स्मारक गावातच आहे, के गार्डन्समधे, 1908 चं. त्याआधी विणकर आडवा धागा नेणारा धोटा या हातातून त्या हातात फेकायचे, कापडाचा पन्हा (रुंदी) मोठा असला की मागाला दोन माणसं लागायची. के नं 1733 ला दोरीची युक्ती काढली, दोरीला हिसडा दिला की धोटा सुटलाच पलीकडे, तुम्हा इचलकरंजीकरांना हे मी काय सांगायचं! विणकरांचा रोष झाला, कापडवाले त्याच्या युक्तीचे पैसे देईनात, शेवटी बिचारा फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला.

क्लबचं म्हणाल तर जावयांचं अर्धंच खरं आहे. 1885 चा क्लब, 1903 च्या एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडच्या मोठ्या फुटबॉल स्पर्धेच्या, फायनलला डर्बी काउंटी या टीमला 6-0 नं धुतलं आणि अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. फायनलमधे एवढ्या फरकानं जिंकणं पुढं कुणाला जमलं नाही, थेट 2019 ला मँचेस्टर सिटीनं बरोबरी केली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमधे पैशाच्या घोळापायी बेरीला लीगमधून काढून टाकलं. फार वाईट वाटतं हे. पण लोकांनी सोडलं नाही हो, काहींनी नवा क्लब काढून शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर खेळायला सुरुवात केली, काहींनी सरकारी निधी आणि देणग्या जमवून गिग लेन हे जुनं मैदान विकत घेतलं. दोन गटांचं आधी जुळेना, एकत्र येण्यासाठीचं पहिलं मतदान फसलं, 2023 ला जमलं. आता टीम गिग लेनवरच खेळते, जुन्याच नावानं, पण कितीतरी पायऱ्या खालच्या लीगमधे.

शनिवारची मॅच बहुतेक दुपारी तीनला असते. त्या आठवड्यात टीम घरच्या मैदानावर आहे का ते आधी बघून घ्या, सकाळी बाजार करा आणि जावयांनाही सोबत न्या.