लिंकन आणि त्याचे सेनापती यांचा सरकारी पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे का?

अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे उत्तर विरुद्ध दक्षिण या लढ्यात, राष्ट्राध्यक्ष लिंकन आणि उत्तरेचे सेनापती यांच्यातला हा पत्रव्यवहार निव्वळ 'आपला आज्ञाधारक' छापाचा असेल, अशी शंका येणं साहजिक आहे. तसा रुक्ष भाग पुष्कळ आहे. पण जिथे भांडण पेटतं तिथली पत्रं जरूर वाचा.

सुरुवात उत्तरेच्या सैन्याचा सेनापती मॅक्लेलन याच्यापासून करा. सैन्य उभं करण्यात हा माणूस वाकबगार, ते लढाईला काढायचं म्हटलं की हात आखडता. १७ सप्टेंबर १८६२ला अँटिटमची लढाई झाली, दक्षिणेचा सेनापती ली माघार घेऊन व्हर्जिनियात गेला, आणि महिना उलटला तरी हा जागचा हलेना. ऑक्टोबरअखेरीस त्याने घोडे थकल्याची आणि त्यांच्या जिभा चिघळल्याची तक्रार पुढे केली. लिंकनने तारेने विचारलं की माफ करा, पण अँटिटमनंतर तुमच्या घोड्यांनी दमण्यासारखं केलंय तरी काय? ही तार सगळेच सांगतात. मला तिच्या मागोमाग गेलेलं उत्तर जास्त आवडतं. मॅक्लेलनला टोमणा झोंबला होता. लिंकनने लिहिलं, माझ्याकडून अन्याय झाला असेल तर मला मनापासून खेद आहे. आणि त्याच कागदावर हिशेबही मांडला: तुमचं सैन्य पाच आठवड्यांहून जास्त काळ बसून आहे, आणि तेवढ्यात आम्ही ७,९१८ ताजे घोडे धाडले आहेत. नोव्हेंबर उजाडताच मॅक्लेलनची उचलबांगडी झाली.

त्याआधी जूनमध्ये एक विलक्षण प्रकार घडला होता. दक्षिणेची राजधानी रिचमंडजवळ गेन्स मिलला मार खाल्ल्यावर, २८ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, मॅक्लेलनने युद्धमंत्री स्टँटनला तार केली. शेवटी त्याने लिहिलं की हे सैन्य मी वाचवलं, तर त्याबद्दल तुमचे किंवा वॉशिंग्टनमधल्या कुणाचेही उपकार मानणार नाही. सैन्याचा बळी द्यायला तुम्ही काही कमी केलेलं नाही. तारखात्याच्या अधिकाऱ्याने ही वाक्यं चक्क गाळली आणि उरलेली तार स्टँटनकडे दिली! लिंकनने त्याच दिवशी शांतपणे उत्तर पाठवलं: काहीही करून सैन्य वाचवा, कुमक धाडतो. खालची आग त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मूळ तार वाचून मग हे उत्तर वाचलं की लिंकन फारच थोर वाटतो. यात थोडं श्रेय त्या तारवाल्याचं.

न पोचलेल्या मजकुराचं दुसरं उदाहरण खुद्द लिंकनचंच. जुलै १८६३मध्ये उत्तरेचा तेव्हाचा सेनापती मीड याने गेटिसबर्गची लढाई जिंकली, पण लीला पोटोमॅक नदी ओलांडून निसटू दिलं. राष्ट्राध्यक्ष फार नाराज आहेत, असं वॉशिंग्टनमधला सरसेनापती हॅलेक याने तारेने कळवताच मीडने राजीनामाच पुढे केला. तेव्हा लिंकनने १४ जुलैला त्याला लांब पत्र लिहायला घेतलं. आधी आभार, मग स्पष्ट बोल: सोन्यासारखी संधी गेली, आणि माझ्या दुःखाला सीमा नाही. ते पत्र लिंकनने पाठवलं नाही, त्यावर सहीही केली नाही. पाकिटावर तशी नोंद करून ठेवून दिलं. त्यामुळे अशा पत्रांचा संग्रह चाळताना प्रत्येक पत्राखाली ते गेलं की नाही हे आधी बघा. नाहीतर लिंकनने मीडला झापलं असं तुम्ही चारचौघांत सांगून बसाल.

मीडच्या आधीचा सेनापती हूकर याला लिहिलेलं पत्र मात्र पोचलं. २६ जानेवारी १८६३चं. देशाला हुकूमशहा हवा, असं हूकर बोलल्याचं लिंकनच्या कानावर आलं होतं. त्याने लिहिलं की तुम्हाला सेनापती केलं ते या बोलण्यासाठी नव्हे, ते बोलूनसुद्धा केलं आहे; हुकूमशहा नेमणं यशस्वी सेनापतींनाच जमतं, तेव्हा तुम्ही विजय मिळवा, हुकूमशाहीचा धोका मी पत्करतो. मे महिन्यात चान्सलर्सव्हिलला लीने हूकरला लोळवलं.

१८६४मध्ये सरसेनापती झालेल्या ग्रँटच्या बाबतीत सूरच बदलतो. ३० एप्रिल १८६४ला, मोठी मोहीम सुरू होण्याच्या तोंडावर, लिंकन त्याला कळवतो की तुमच्या योजनेचे तपशील मला ठाऊक नाहीत आणि ते विचारायचेही नाहीत. दुसऱ्या दिवशीचं ग्रँटचं उत्तर मॅक्लेलनच्या त्या जूनच्या तारेशेजारी ठेवून वाचा. तो म्हणतो, मला अपेक्षेपेक्षा कमी यश आलं, तर निदान एवढं तरी सांगेन की दोष तुमचा नाही.