वाचकांचे प्रश्न : वाईट महिन्यात आधी कुणाचं?

प्रश्न : एका हॉटेल कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडे आहेत. वार्षिक अहवाल या वेळी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला आणि घाबरलो. हॉटेलखालची जमीन मुख्य संचालकाच्या पत्नीच्या कंपनीची. हॉटेल चालवणारी कंपनी त्याचीच. त्यानं हॉटेलला विनातारण कर्ज दिलंय, त्यावर व्याज लावलंय, आणि बँकेच्या कर्जाला जामीनही तोच. ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ ही टीप अडीच पानं चालली आहे. हा सरळ कारभार आहे का? शेअर विकून मोकळा होऊ का?

उत्तर : विकायचं की ठेवायचं हे मी सांगत नसतो. पण तुम्ही टिपा वाचल्यात याचं कौतुक वाटलं. बहुतेक जण अध्यक्षांचा फोटो आणि लाभांशाचा आकडा पाहून अहवाल मिटतात.

मी बावीस वर्षं हॉटेलांच्या हिशेबखात्यात काढली, त्यातली पहिली चार नाइट ऑडिटला. रात्री दोनच्या पुढे दिवसाचा हिशेब बंद करायचा, किती खोल्या गेल्या आणि किती राहिल्या ते मांडायचं. हा धंदा मला त्या टेबलावर कळला. दुकानात आज न खपलेला माल उद्या खपतो. हॉटेलात आजची रात्र आज गेली नाही, की ती कायमची गेली. पगार, वीज, देखभाल आणि बँकेचा हप्ता मात्र खोल्या भरल्या काय आणि रिकाम्या राहिल्या काय, ठरल्या तारखेला दारात उभे.

म्हणून हॉटेलमालकाला पैसा एका जागेवरून पुरत नाही. इमारतीला लांब मुदतीचं कर्ज, मंदीचे महिने काढायला ओव्हरड्राफ्ट, आणि दर काही वर्षांनी गाद्या, गालिचे, लिफ्ट, स्नानगृहं बदलायला वेगळी गंगाजळी. ही गंगाजळी साधारण उलाढालीच्या 4 टक्के धरायची पद्धत आहे. बँका आणि ब्रँडवाले दोघंही ती करारात लिहून घेतात, आणि मालकाला सगळ्यात जड तीच वाटते. पैसा दिसतो, पण हात लावता येत नाही. मग खड्डा पडला की बँक म्हणते, आधी तुमचे घाला. मालक स्वतःचे घालतो, बायकोच्या कंपनीचे घालतो, भावाचे घालतो. तुमची अडीच पानं अशीच तयार होतात. त्यात मुळातच काही काळं असतं असं नाही.

हिल्टन हॉटेलांची साखळी उभी करणारे कॉनरॅड हिल्टन यांचंच पाहा. 1919 मध्ये त्यांनी टेक्सासमधल्या सिस्को गावात मोब्ली नावाचं पहिलं हॉटेल 40,000 डॉलरना घेतलं, तेही आई, मित्र आणि बँक यांच्या पैशांची मोळी बांधून. पुढे डॅलसमध्ये मोठं हॉटेल उभारायचं ठरलं तेव्हा त्यांनी जमीन विकत घेतलीच नाही. जॉर्ज लाउडरमिल्क या जमीनमालकाकडून ती वर्षाला 31,000 डॉलर भाड्यानं 99 वर्षांसाठी घेतली आणि तो भाडेपट्टाच तारण ठेवून कर्ज काढलं. तरी बांधकामाच्या मध्यावर पैसे संपले. तेव्हा त्याच जमीनमालकाला गळ घालून इमारत त्याच्याकडून पुरी करून घेतली आणि ती भाड्यानं परत घेतली. 1925 मध्ये हॉटेल उघडलं. महामंदीत गाडं पुन्हा अडलं, तेव्हा गॅल्वेस्टनच्या मूडी कुटुंबाकडून 3 लाख डॉलर उचलले. ते फिटले नाहीत, हॉटेलं मूडींच्या ताब्यात गेली, आणि मूडींनी ती चालवायला पगारावर नेमलं ते हिल्टन यांनाच. आज या सगळ्याचा अहवाल लिहायला बसलो तर टीप चार पानांच्या आत आटोपणार नाही.

आता तुमच्या कंपनीकडे येऊ. टीप किती लांब आहे हे सोडून द्या. हॉटेलचा महिना वाईट गेला तर पहिला पैसा कोण उचलतो, एवढंच शोधा.

मालकानं दिलेलं कर्ज पाहून तुम्ही दचकलात. मला त्याची धास्ती सगळ्यात कमी वाटते. व्याजाचा दर किती आहे त्यापेक्षा ते व्याज खरंच दिलं जातंय का हे पाहा. मी एका ठिकाणी होतो तिथं मालकाच्या कर्जावर दणदणीत व्याज लागायचं, पण कागदावर. पाच वर्षांत त्यानं एक पैसा उचलला नव्हता, व्याज मुद्दलात मिळत गेलं होतं. टीप वाचणाऱ्याला वाटावं हा माणूस हॉटेल पिळतोय. प्रत्यक्षात तो रांगेत सगळ्यांच्या मागे उभा होता, आणि तसं पत्र त्यानं बँकेला लिहून दिलं होतं. नफा-तोट्याच्या पत्रकात व्याजाचा खर्च दिसेल. ते रोखीनं गेलं का, हे रोखप्रवाहाच्या पत्रकात आणि वर्षअखेरच्या येण्या-देण्याच्या शिल्लकेत दिसेल.

जामिनाचंही तेच. मालक जामीन आहे म्हणजे बुडाला तर त्याचं घरही बुडणार. फक्त जामीन राहण्याबद्दल तो कंपनीकडून कमिशन घेतो का, तेवढं बघून ठेवा.

माझी नजर अडते ती जमिनीवर आणि त्याहून जास्त चालवण्याच्या करारावर. हॉटेल चालवणाऱ्या कंपनीला दोन प्रकारे मोबदला मिळतो : एक उलाढालीवर, साधारण 2 ते 4 टक्के, आणि दुसरा चालवण्याच्या नफ्यावर. दुसरा मिळायला नफा व्हावा लागतो. पहिला मात्र तोट्यातही मिळतो, कारण उलाढाल सहसा शून्यावर जात नाही. परक्या ब्रँडशी असा करार असला तर मालक घासाघीस करतो, वर्षभर भांडतो. इथं देणारा आणि घेणारा एकच माणूस, भांडणार कोण? खोल्यांचे दर पाडून हॉटेल भरलं की उलाढाल फुगते, चालवणाऱ्या कंपनीची फी वाढते, आणि तुमच्या वाट्याला जुनी झालेली गादी येते. म्हणून फीमध्ये उलाढालीचा भाग किती आणि नफ्याचा किती, हे पाहा. मुदत पाहा. कामगिरी ढासळली तर करार मोडता येतो का, हेही पाहा. अहवालात सापडलं नाही तर सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारा. थोडे शेअर असले तरी प्रश्न विचारायचा हक्क तेवढाच असतो.

जमिनीचं भाडं ठरावीक आहे की विक्रीच्या प्रमाणात, तेही बघा. ठरावीक असेल तर मंदीत ते गळ्याशी येतं. विक्रीशी जोडलेलं असेल तर मंदीत ते आपोआप उतरतं. मात्र इथं एक गंमत आहे. आयएफआरएस 16 हे हिशेबाचं मानक 2019 पासून लागू झालं, तेव्हापासून ठरावीक भाड्याचा पुढच्या वर्षांचा बोजा ताळेबंदात देणं म्हणून येतो. विक्रीच्या टक्केवारीवरचं भाडं तसं येत नाही, ते त्या त्या वर्षीच्या खर्चात पडतं. त्यामुळे दोन हॉटेलांचे ताळेबंद शेजारी ठेवून ‘याच्यावर कर्ज कमी’ असं म्हणू नका. दुसऱ्याचं भाडं फक्त वेगळ्या दारानं जात असेल.

‘हे सर्व व्यवहार बाजारभावाने झाले’ हे वाक्य तुमच्या अहवालात असणारच. आयएएस 24 मानकानुसार हे वाक्य तेव्हाच लिहिता येतं, जेव्हा ते सिद्ध करून दाखवता येतं. कशावरून, हे विचारायला लाजू नका. दुसऱ्या कुणाकडून दर मागवले होते का? मूल्यांकन स्वतंत्र माणसाकडून होतं का?

खरी धोक्याची ओळ बहुधा अडीच पानांतली सगळ्यात छोटी असते. ‘सहयोगी कंपनीस दिलेली आगाऊ रक्कम, बिनव्याजी, मागताक्षणी परत.’ हॉटेल स्वतः बँकेकडून व्याजानं पैसे घेतं आणि मालकाच्या दुसऱ्या धंद्याला बिनव्याजी देतं. ‘मागताक्षणी’ म्हणायचं, पण मागणारा तोच आणि देणाराही तोच. मी काम केलेल्या दुसऱ्या एका हॉटेलात अशी एकच ओळ होती. टीप अर्ध्या पानाची, देखणी. धुलाईवाल्याची तीन महिन्यांची बिलं थकलेली आणि ही रक्कम दर मार्चला थोडी मोठी झालेली. तुमच्या अहवालात ही ओळ आहे का, ते आज रात्री पुन्हा पाहा.

आणि पैसा आत येतो तसा कर्ज बाहेर ढकलणंही होतं. 1993 मध्ये मॅरियट कॉर्पोरेशन या अमेरिकी हॉटेल कंपनीचे दोन तुकडे झाले. चालवण्याचा धंदा मॅरियट इंटरनॅशनलकडे गेला, तर मालमत्ता आणि कर्जाचा मोठा भार होस्ट मॅरियटकडे राहिला. एकीकडे मॅरियट कुटुंबातला एक भाऊ प्रमुख, दुसरीकडे दुसरा. रोखेधारक संतापले आणि कोर्टात गेले, कारण त्यांनी पैसे दिले होते अख्ख्या घराला आणि हातात राहिलं होतं कर्जाचं दालन. बेकायदा नव्हतं. पण कंपनीचे भाग पडणार अशी बातमी आली की कुठला तुकडा फी घेणार आणि कुठला हप्ते भरणार, हे आधी वाचावं.

प्रश्न : मी आणि माझा मेहुणा मिळून 40 खोल्यांचं हॉटेल चालवतो. सुरुवातीला त्यानं घातलेली रक्कम आम्ही ‘कर्ज’ म्हणून दाखवली आहे. आता नूतनीकरणासाठी नवं कर्ज हवंय तर बँक त्याच्याकडून लिहून मागते की बँकेचं फिटेपर्यंत तो आपले पैसे मागणार नाही. तो म्हणतो, ‘मी आधी आलो आणि मलाच मागे बसवता?’ घरात बोलणं बंद आहे.

उत्तर : मेहुण्याचं चुकत नाही आणि बँकेचंही नाही. बँकेच्या लेखी त्याचे पैसे म्हणजे भांडवलच, फक्त नाव कर्जाचं. हॉटेल बुडायला लागलं की घरचा माणूस सगळ्यात आधी आपली रक्कम काढून घेतो, हे बँकेनं पुष्कळदा पाहिलेलं असतं.

पण ते पत्र बँकेनं छापून दिलं तसं सही करायची गरज नाही. बँकेशी असं बोला : मुद्दल मागे राहील, व्याज मात्र ठरावीक अटीवर देता यावं. अट बहुधा अशी असते की वर्षाचा हप्ता आणि व्याज मिळून 100 होत असतील, तर हॉटेलातून सुटणारी रोख 125 च्या वर हवी. त्याच्यावर असेल त्या वर्षी मेहुण्याला व्याज द्यायचं, नसेल त्या वर्षी ते साठवायचं. हे लेखी असलं तर त्याला आपण कायमचे मागे पडलो असं वाटणार नाही. आणखी एक वाट म्हणजे त्याच्या रकमेतला काही भाग भांडवलात वळवायचा. मग तो व्याज सोडतो, पण हिस्सा वाढतो. हिस्सा वाढलेला तुम्हाला चालणार आहे का, याचं उत्तर मात्र तुम्ही मला नाही, स्वतःला द्या.

आणि एक विचारतो. मूळ कर्जाचा कागद आहे का? दर, मुदत, परतफेड, दोघांपैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर काय? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून संशय येतो. तोंडी कर्जाला मागे बसवायचं पत्र करण्याआधी ते कर्ज कागदावर आणा. बँकेचा वकील तेच सांगेल, पण तो पैसे घेऊन सांगेल.

नूतनीकरणाचे पैसे एकदम उचलू नका. मजल्यामागून मजला करा, म्हणजे बाकीच्या खोल्या कमावत राहतील आणि काम झालं तेवढ्याच रकमेवर व्याज लागेल.

प्रश्न : आमच्या सभागृहाच्या नोंदणीच्या आगाऊ रकमा खात्यात पडून असतात. मंदीत पगार त्यातूनच भागवते. ऑडिटर त्यांना ‘देणं’ म्हणतात. खात्यात आहेत म्हणजे आमच्याच ना?

उत्तर : नाही. समारंभ होईपर्यंत ते पाहुण्यांनी तुम्हाला दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे, फक्त त्यांना ते माहीत नाही. ऑडिटर बरोबर आहेत.

वापरूच नका असं मी म्हणत नाही, सगळी हॉटेलं वापरतात. मी एवढं करायचो : रोजच्या बँक शिलकीशेजारी दुसरा रकाना काढून त्यात न झालेल्या समारंभांची जमा रक्कम लिहायचो आणि दोन्हींतली वजाबाकी लाल शाईनं. पहिल्या दिवशी व्यवस्थापकांनी ती शाई बदलायला सांगितली. दोन महिन्यांनी त्यांनीच ओव्हरड्राफ्टची मर्यादा वाढवून घेतली. तुमचा दुसरा रकाना आज भरून पाहा, आणि पुढच्या महिन्यातले दोन मोठे समारंभ रद्द झाले असं धरून वजाबाकी पुन्हा करा.