सॉकेटला अर्थिंगची वायरच आलेली नाही. न्यूट्रलवरून जंपर (वायरचा छोटा तुकडा) मारून अर्थची पिन जोडली तर चालेल का?

अजिबात नाही, पिन मोकळी राहणं वाईटच, पण जंपर त्याहून घातक. सॉकेटच्या मागे बोर्डाकडे कुठे न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन वायर निसटली, की फ्रिजच्या मोटरमधून आलेल्या करंटला परतीची वाट उरत नाही आणि जंपरमधून फेजचा (करंट आणणाऱ्या वायरचा) दाब थेट फ्रिजच्या पत्र्यावर येतो. फ्रिज बंद दिसतो, म्हणून माणूस निर्धास्त हात लावतो. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, अशा वेळी पडत नाही. मेन बोर्डाच्या अर्थ बारपासून (अर्थच्या वायरी जोडायची पट्टी) हिरवी वायर ओढून घ्या, तोवर 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळताच पुरवठा तोडणारा स्विच) तरी बसवाच. काही पुरवठा पद्धतींत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडतात हे खरं, पण ते पुरवठा घरात येतो तिथे, नियमानुसार, सॉकेटमध्ये नव्हे.