वाचक विचारतात : चेतक चौकात ठेवायचं का उडवायचं?

मागच्या अंकात रिटायर झालेल्या लष्करी हेलिकॉप्टरांवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग पडला. त्यातली निम्मी पत्रं "आम्हाला एक मिळवून द्या" अशी आहेत, ते काय माझ्या हातात नाही. बाकीच्यातली चार घेतलीत.

प्रश्न : आमचं गाव शिरोळ तालुक्यात, घरटी एक माणूस फौजेत. २०१९ च्या महापुरात हेलिकॉप्टर आमच्या गच्चीवरनं घिरट्या घालत होतं ते पोरं अजून विसरली नाहीत. आता माजी सैनिकांनी ठरवलंय की रिटायर झालेलं चेतक आणून चौकात ठेवायचं आणि दर २६ जानेवारीला एक राउंड मारायचा. वर्गणी काढू. जमेल काय?

उत्तर : ठेवायचं जमेल. राउंडचं मात्र डोक्यातनं काढून टाका, आणि का ते जरा सविस्तर सांगतो कारण ही शंका लई जणांनी विचारलीय.

आपण हेलिकॉप्टरला एक मशीन म्हणतो पण मेंटेनन्सवाल्याच्या लेखी ती शेकडो पार्टांची चाळ असते आणि प्रत्येक बिऱ्हाडाचं वय वेगळं. पात्यांचं वेगळं, रोटर हेडचं (पाती जिथं जोडतात तो मधला भाग) वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. महत्त्वाच्या प्रत्येक पार्टाला लॉग कार्ड असतं, आपला सातबाराच समजा, कुठं बनला, कुठल्या मशीनवर बसला, किती तास फिरला, कधी उघडला, सही कुणाची. तास भरले की पार्ट काढायचा, मग तो दिसायला कोराकरकरीत का असेना. आणि कार्ड हरवलं तर पार्ट भंगारात, सातबारा नसलेली जमीन कोण घेतंय?

एवढं कडक कशाला, तर चेतकचा मोठा पंखा मिनिटाला साधारण ३५० फेरे मारतो. म्हणजे तासाला २१ हजार. प्रत्येक फेऱ्यात पातं एकदा वाऱ्यावर चालून जातं आणि एकदा वाऱ्याबरोबर मागं येतं, दोन्ही वेळा वाकतं. तार सारखी मागंपुढं वाकवली की तुटते ना, तोच प्रकार, फक्त इथं चीर रंगाखाली बारीक सुरू होते आणि वरनं हात फिरवून कळत नाही. तास मोजणं हाच इलाज.

आता फौजेतनं जे मशीन शोभेसाठी बाहेर पडतं ते बहुतेक वेळा असे तास संपलेलंच असतं, किंवा चांगले पार्ट आधीच दुसऱ्या उडत्या मशीनवर गेलेले असतात. चेतक आणि त्याचंच भावंड चीता हेलिकॉप्टर अजून सेवेत आहेत, म्हणजे धड गिअरबॉक्स तुमच्या चौकासाठी कोण सोडणार? वर खासगीत उडवायचं म्हटलं की डीजीसीएची (खासगी विमानांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) नोंदणी आली, मशीन उडण्यालायक असल्याचं एअरवर्दीनेस सर्टिफिकेट आलं, त्या टाइपचं लायसन असलेला इंजिनिअर आणि पायलट आला. चेतकचं आर्टूस्ट इंजिन तेल पितं ते वेगळंच.

बाहेर उडवतात, खोटं कशाला बोलू. इंग्लंडमध्ये वेस्टलँड कंपनीची वेसेक्स, व्हर्लविंड अशी जुनी हेलिकॉप्टरं माणसांनी हौसेनं उडती ठेवलीत, तिथल्या सिव्हिल एव्हिएशनवाल्यांकडनं अशा एक्स-मिलिटरी मशीनसाठी वेगळं परमिट मिळतं. पण एक उडवायला आणखी दोनतीन पार्टांसाठी सोलून ठेवावी लागतात. आणि अमेरिकेत २२ जून २०२२ ला वेस्ट व्हर्जिनियात व्हिएतनामच्या काळातल्या ह्युई हेलिकॉप्टरांचा मेळावा होता, हौशी लोकांना त्यात बसवून फिरवत होते, त्यातलं एक पडलं आणि सहाही जण गेले. आपल्या एअर फोर्सचं स्वतःचं व्हिंटेज पथक आहे, टायगर मॉथ, हार्वर्ड आणि २०१८ मध्ये आलेला डकोटा 'परशुराम', पण बघा, तिन्ही विमानं पंखांची. पंख जाग्यावर असतो हो, पातं फिरत असतं.

तर ठेवा. पण नीट ठेवा. एका संस्थेच्या आवारात (नाव नको) मला असंच एक बघायला बोलावलेलं. लांबनं झकास, दर वर्षी ऑइल पेंट मारलेला. मी खाली वाकलो, पोटाजवळच्या एका भोकावर रंगाची पापडी धरलेली ती स्क्रूड्रायव्हरनं टोचली, तर अर्धी बादली तांबडं पाणी भळाभळा माझ्या चपलांवर, आत कबुतराची पिसं. पाणी बाहेर जायला कंपनीनं ठेवलेली भोकं ह्यांनी रंगानं बुजवलेली! चीताची शेपूट उघड्या पाइपांच्या जाळीची असते, घाण दिसते तरी. चेतकची पत्र्यानं बंद, आत काय कुजतंय ते कळत नाही.

म्हणून पहिली गोष्ट शेड. आपल्याकडचा जुलै त्याला उघड्यावर सोसत नाही. ती भोकं मोकळी ठेवा, महिन्यातनं एकदा तारेनं टोचा. वजन टायरवर सोडू नका, खाली लोखंडी स्टँड द्या नायतर टायर वर्षात चपटे. पाती दोरीनं खाली बांधा, वाऱ्यानं फडफडली की मुळातनं सैल होतात. काचेवर (ती काच नसतेच, ॲक्रिलिक असतं) प्लॅस्टिकची ताडपत्री टाकू नका, आत घाम धरतो आणि चरे पडतात, सुती कापड टाका. आणि फारच जुनं मशीन असेल तर मीटरच्या काचा पोरांना उघडू देऊ नका, त्या काळात अंधारात चमकायला आकड्यांवर खरंखुरं किरणोत्सारी रेडियम लावायचे.

आणखी एक, चौथरा २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर बांधा. शिरोळात हे मी सांगायला नको, पण चौक सुंदर दिसावा म्हणून खाली बांधाल आणि पुढच्या पुरात हेलिकॉप्टर पाण्यात, तुम्ही गच्चीवर.

प्रश्न : मी उद्यमनगरात टर्नर आहे. आमच्याकडं लोक सँपल घेऊन येतात आणि संध्याकाळी डिट्टो पार्ट घेऊन जातात. हेलिकॉप्टरच्या गिअरचा एवढा बाऊ कशाला? सँपल द्या, करून देतो.

उत्तर : भावा, तुझ्या हातावर शंका नाही, कोल्हापूरच्या लेथवर काय होत नाही ते सांग! पण मापात बसणं आणि टिकणं ह्यात फरक आहे. गुऱ्हाळावर बघितलंस ना, इंजिन भराभरा फिरतंय आणि चरक निवांत. चेतकमध्ये तेच पण अघोरी प्रमाणात, इंजिनाचा टर्बाइन मिनिटाला ३३,५०० फेरे आणि वरचा पंखा ३५०. मधली सगळी झीज दातांवर. तसल्या गिअरचं स्टील कुठल्या भट्टीतनं आलं, कुठल्या हीट नंबरचं (भट्टीतल्या कुठल्या ओतीचं), हार्डनिंग किती खोल गेलं, ग्राइंडिंगला भाजला तर नाही ना, चुंबक लावून चीर तपासली का, ह्या सगळ्याचे कागद पार्टाच्या मागनं चालतात. तुझ्या पार्टावर टूलची एक बारीक रेघ राहिली तरी चीर तिथनंच सुरू होते. ऑइल इंजिनचा गिअर फुटला तर गडी शिव्या देत घरी जातो, इथं खाली यायचं असतं.

पण चौकातल्या हेलिकॉप्टरला तू पाहिजेसच. दरवाजाच्या बिजागऱ्या, पायरी, चाकाचे बुश, स्टँड, ढकलत न्यायचा दांडा, हे सगळं गहाळ असतं आणि कुठं विकत मिळत नाही. बिनधास्त कर. फक्त केलेल्या प्रत्येक पार्टावर पंच मार, 'फक्त प्रदर्शनासाठी'. तीस वर्षांनी कुणीतरी तो काढून भलतीकडं बसवायला नको.

प्रश्न : मी नववीत आहे. सर म्हणाले हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं की ते दगडासारखं पडतं. खरं का?

उत्तर : सरांना नमस्कार सांग, पण नाही. जोतिबाच्या जत्रेतलं भिरभिरं घेऊन पळालीस की ते वाऱ्यानं फिरतं ना? तसंच. इंजिन बंद पडलं की पायलट पात्यांचा कोन लगेच कमी करतो, खाली येताना खालनं येणारा वारा पंखा फिरवत ठेवतो आणि जमिनीजवळ आलं की साठलेल्या त्या फिरकीवर कोन वाढवून तो अलगद टेकतो. ह्याला ऑटोरोटेशन म्हणतात. २१ जून १९७२ ला फ्रान्सच्या जाँ बुले यांनी लामा हेलिकॉप्टर (आपलं चीता तेच, इथं बनलेलं) १२,४४२ मीटरवर नेलं, एव्हरेस्टच्याही कितीतरी वर, जागतिक विक्रम झाला आणि तिथंच इंजिन विझलं. तिथनं ते इंजिनाशिवाय खाली आले, सुखरूप. मात्र उंची किंवा वेग हाताशी नसेल तर ह्यातलं काही करायला वेळच मिळत नाही.

प्रश्न : पोरांना जवळनं दाखवायचंय. दिल्ली-बेंगळुरू लांब पडतं.

उत्तर : गोव्याला जाताच की दर वर्षी! वास्कोजवळ बोगमाळ्याच्या रस्त्याला नेव्हीचं एव्हिएशन म्युझियम आहे, १९९८ पासनं. आंबोली घाटानं उतरा, बीचच्या आधी तिकडं वळा. बाहेर मैदानात भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन विमान उभं आहे, पोरं पहिली तिकडंच पळतात, पळू द्यात, पण चेतक चुकवू नका. समुद्र जवळ, खारा वारा, आणि जुन्या मशीनच्या गिअरबॉक्सची कव्हरं मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, त्याला मीठ म्हणजे वाळवीच, तेव्हा तिथं उघड्यावर मशीन राखणं किती कटकटीचं असेल ते बघूनच कळेल. आणि जरा वाकून पोटाखालची भोकं कुठं आहेत ते बघा, फोटो काढा आणि इकडं पाठवा, शिरोळच्या मंडळींना कामाला येईल.