उघडे, बंद आणि निरुत्तर पोर्ट

प्रश्न : माझ्या लिनक्स संगणकावर मी एनमॅप हा पोर्ट स्कॅनर बसवला आणि १२७.०.०.१ या पत्त्यावर स्कॅन केले, तेव्हा २२, ४४५, ६३१, ३३०६ आणि ८०८० असे पाच पोर्ट (म्हणजे संगणकावरील वेगवेगळ्या सेवांशी जोडणीसाठीचे क्रमांक) उघडे दिसले. त्याच नेटवर्कवरील दुसऱ्या लॅपटॉपवरून स्कॅन केल्यावर मात्र फक्त २२ आणि ४४५ उघडे दिसले व उरलेले ९९८ पोर्ट 'फिल्टर्ड' असल्याचे दाखवले गेले. यांपैकी कोणता निकाल खरा मानावा?

उत्तर : दोन्ही निकाल खरे आहेत. स्कॅनर संगणकाच्या आत डोकावत नाही. तो जेथून चालवला जातो तेथे जे उत्तर मिळते, तेवढेच तो नोंदवतो. टीसीपी या माहिती पाठवण्याच्या पद्धतीने जोडणी सुरू करताना विचारणारा संगणक 'सिन' नावाचे पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पाठवतो. त्या पोर्टवर एखादा प्रोग्राम जोडणीची वाट पाहत असेल, तर 'सिन-अ‍ॅक' परत येते आणि स्कॅनर त्या पोर्टपुढे 'ओपन' असे लिहितो. तेथे कोणताच प्रोग्राम नसेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम 'रीसेट' पाठवून जोडणी नाकारते आणि त्या पोर्टपुढे 'क्लोज्ड' लिहिले जाते. पुन्हा विचारूनही काहीच परत आले नाही, किंवा वाटेतल्या एखाद्या यंत्रणेने मनाई असल्याचा आयसीएमपी (नेटवर्कमधील अडचणी कळवण्यासाठीचा) संदेश पाठवला, तर तो पोर्ट 'फिल्टर्ड' ठरतो. 'क्लोज्ड' दिसते तेव्हा आपले पॅकेट सहसा तेथवर पोहोचलेले असते. 'फिल्टर्ड' दिसते तेव्हा पलीकडे काय आहे, हे स्कॅनरला कळलेलेच नसते.

आता आपले तीन 'नाहीसे झालेले' पोर्ट पाहू. १२७.०.०.१ हा संगणकाने स्वतःशीच बोलण्याचा पत्ता आहे आणि बहुतेक फायरवॉल (नियमांनुसार नेटवर्कवरील वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणा) त्यावरील वाहतूक अडवत नाहीत. ६३१ वरील छपाईची सेवा आणि ३३०६ वरील मायएसक्यूएल हा डेटाबेस अनेकदा केवळ याच पत्त्यावर जोडणी स्वीकारतील असे बसवलेले असतात, म्हणून ते बाहेरून पोहोचण्याजोगेच नसतात. ८०८० वरील प्रोग्राम मात्र सर्व पत्त्यांवर जोडणी स्वीकारत असेल आणि केवळ फायरवॉलमुळे दुसऱ्या लॅपटॉपला दिसत नसेल, असेही असू शकते. बाहेरून या दोन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात, परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे, कारण दुसऱ्या बाबतीत फायरवॉल काही कामासाठी तात्पुरती बंद केली की तो पोर्ट त्याच क्षणी सर्वांना खुला होतो. हा फरक स्कॅनरने कळत नाही. त्यासाठी त्या संगणकावरच 'एसएस' ही आज्ञा चालवून प्रत्येक पोर्टपुढील स्थानिक पत्ता वाचावा. तेथे १२७.०.०.१ असेल तर सेवा आतल्या आतच आहे, ०.०.०.० किंवा तारांकित खूण असेल तर ती सर्व बाजूंनी जोडणी स्वीकारत आहे. प्रशासकाच्या अधिकाराने ही आज्ञा दिली, तर प्रत्येक पोर्टमागील प्रोग्रामचे नावही मिळते. विंडोजवर हेच काम 'नेटस्टॅट' करते.

निकालातील सेवेच्या नावाबद्दलही सावध राहावे, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. साध्या स्कॅनमध्ये ८०८० पुढे 'एचटीटीपी-प्रॉक्सी' असे छापले जाते, पण ते नाव एनमॅपने पोर्टच्या क्रमांकावरून आपल्या यादीतून उचललेले असते; तेथे प्रत्यक्षात कोणताही प्रोग्राम असू शकतो. व्हर्जन डिटेक्शनचा पर्याय निवडल्यावरच स्कॅनर उघड्या पोर्टशी बोलून सेवा ओळखण्याचा प्रयत्न करतो. अशा बोलण्याचे काही उपकरणांवर परिणाम होतात. काही प्रिंटर ९१०० या पोर्टवर आलेला मजकूर जसाच्या तसा कागदावर छापतात, म्हणून व्हर्जन डिटेक्शन करताना एनमॅप ९१०० ते ९१०७ हे पोर्ट मुळातच वगळतो.

पोर्टचे क्रमांक ० ते ६५५३५ असे असतात आणि एनमॅप कोणतीही वेगळी सूचना नसल्यास प्रत्येक प्रोटोकॉलसाठी, म्हणजे टीसीपी, यूडीपी अशा प्रत्येक पद्धतीसाठी, सर्वाधिक वापरातले १,००० पोर्टच तपासतो. आपल्या निकालातील दोन अधिक ९९८ हा हिशेब तेथूनच आला आहे. एखादी सेवा मुद्दाम ४०,००० च्या पुढच्या एखाद्या क्रमांकावर बसवलेली असेल, तर ती या स्कॅनमधून सहज निसटेल. स्वतःच्या संगणकाची तपासणी करताना एकदा तरी सर्व टीसीपी पोर्ट तपासावेत. एकाच नेटवर्कवर त्याला फार वेळ लागत नाही, मात्र फायरवॉल उत्तरेच देत नसेल तर स्कॅनरला प्रत्येक ठिकाणी वाट पाहावी लागते आणि वेळ बराच वाढतो.

पोर्ट उघडा असणे हा दोष नव्हे. दूरस्थ प्रवेशासाठी एसएसएच वापरत असाल, तर २२ उघडा असायलाच हवा. ४४५ हा फाइल वाटून घेण्याचा पोर्ट आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा उपद्रवी प्रोग्राम याच पोर्टवरील सेवेतील त्रुटीचा फायदा घेऊन विंडोज संगणकांमध्ये पसरला होता. आपल्या लिनक्स संगणकावर तेथे बहुधा सांबा हा फाइल वाटून घेण्याचा प्रोग्राम चालू असेल. फाइल वाटून घेण्याची गरज नसेल तर ती सेवाच बंद करावी. केवळ फायरवॉलमध्ये पोर्ट अडवून थांबू नये.

प्रश्न : यूडीपी स्कॅन कित्येक तास चालू राहते आणि शेवटी बहुतेक पोर्ट 'ओपन किंवा फिल्टर्ड' असेच दाखवते. प्रोग्राममध्ये बिघाड आहे काय?

उत्तर : बिघाड नाही. यूडीपी हीही टीसीपीसारखी माहिती पाठवण्याची पद्धत आहे, पण तिच्यात जोडणी जुळवण्याची देवाणघेवाणच नसते, त्यामुळे उघड्या पोर्टवरील सेवेला प्रश्न समजला नाही तर ती गप्प राहते आणि फायरवॉलने पॅकेट टाकून दिले तरीही शांतताच मिळते. बंद पोर्टबद्दल मात्र आयसीएमपीचा 'पोर्ट अनरीचेबल' हा संदेश येतो. लिनक्ससारख्या सिस्टीम असे संदेश पाठवण्यावर मर्यादा घालतात. सेकंदाला एक संदेश धरला, तर ६५,५३६ पोर्टना १८ तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएससाठी ५३, घड्याळ जुळवण्यासाठी १२३, उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एसएनएमपीसाठी १६१ असे मोजके पोर्ट निवडून तेवढेच तपासावेत आणि त्यांच्यासाठी व्हर्जन डिटेक्शनही चालू ठेवावे, म्हणजे सेवेला समजेल असा प्रश्न जाऊन उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : माझा राउटर इंटरनेटवरून कसा दिसतो, हे मी आतूनच त्याच्या सार्वजनिक पत्त्यावर स्कॅन करून पाहिले. एवढे पुरेसे आहे काय?

उत्तर : पुरेसे नाही. आतून आलेले पॅकेट सार्वजनिक पत्त्यासाठी असले, तरी अनेक राउटर त्याला आतल्या बाजूचे नियम लावून स्वतःच उत्तर देतात, त्यामुळे व्यवस्थापनाचे पान बाहेरूनही उघडे असल्याचा चुकीचा ग्रह होऊ शकतो. तपासणी खरोखरच दुसऱ्या इंटरनेट जोडणीवरून करावी. त्याआधी राउटरच्या स्थितिदर्शक पानावरील बाहेरचा पत्ता आणि इंटरनेटवर दिसणारा आपला पत्ता एकच आहेत ना, हे पडताळून पाहावे. ते वेगळे असतील, तर सेवा पुरवणारी कंपनी एक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटत असण्याची शक्यता असते आणि आपण भलत्याचीच उपकरणे स्कॅन कराल.

इतरांच्या यंत्रणेवर स्कॅन करायचे असेल, तर मालकाची परवानगी आधी आणि लेखी घ्यावी, मग ती यंत्रणा आपल्याच कार्यालयाची का असेना. अशा स्कॅनची नोंद पलीकडे होते आणि ती हल्ल्याची पूर्वतयारी समजली जाऊ शकते. केवळ सराव करायचा असल्यास एनमॅपच्या निर्मात्यांनी 'स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ओआरजी' हा सर्व्हर त्यासाठीच खुला ठेवला आहे; दिवसातून काही मोजकी स्कॅन करण्यास तेथे त्यांची हरकत नसते.