मालिकेतली सून सांगते म्हणून गोळी बंद?

प्रश्न : काका, माझ्या सासूबाईंना बरीच वर्षं शुगर आहे. दुपारी जेवणं आटोपली की त्या टीव्ही लावतात. एका चॅनलवर अर्धा तास एका चूर्णाचा कार्यक्रम चालतो. त्यांच्या आवडत्या मालिकेतली सून त्यात सांगते, की तिच्या आईची शुगर या चूर्णाने कायमची गेली. आईंनी फोन करून डबे मागवले आणि डॉक्टरांची गोळी सोडून दिली. काही बोललं की म्हणतात, "ती पोरगी कशाला खोटं बोलेल?" त्यांना कसं समजावू? आणि त्या अभिनेत्रीला कुणी जाब विचारतं की नाही?
— सौ. अ. प., सिडको

उत्तर : ताई, आधी गोळीचं बघा, बाकीचं नंतर. गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस फारसं जाणवत नाही. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ज्यांचं पोट बिघडतं त्यांना तर उलट बरं वाटतं, आणि तो गुण चूर्णाच्या नावावर जमा होतो. आत शुगर चढतच असते. या आठवड्यातच त्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, सोबत डबाही न्या, आणि एचबीएवनसी ही रक्ततपासणी करून घ्या. त्यात मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. 'नैसर्गिक' म्हणून विकलेल्या चूर्णांत गुपचूप ॲलोपॅथीची औषधं मिसळल्याची प्रकरणं उघडकीस आलेली आहेत, म्हणून डॉक्टरांना डबा दिसायलाच हवा.

घरी त्या अभिनेत्रीला नावं मात्र ठेवू नका. ती रोज तुमच्या घरात येते, सासूबाई तिचीच बाजू घेणार. त्यापेक्षा ग्लुकोमीटर आणा, सकाळी उपाशीपोटी त्यांच्यासमोर शुगर मोजा आणि आकडा त्यांनाच कॅलेंडरवर लिहू द्या.

तुम्ही पाठवलेला डब्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. समोर ठळक अक्षरांत मधुमेहापासून सुटका. मागे बारकोडच्या शेजारी, चष्मा लावूनही नीट दिसू नये एवढ्या अक्षरांत, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' आणि अन्नपदार्थांच्या परवान्याचा चौदा आकडी नंबर. म्हणजे सरकारदरबारी कंपनी म्हणते, हे औषध नाही, खाण्याची वस्तू आहे. तुमच्या सासूबाईंना तीच कंपनी टीव्हीवरून सांगते, गोळीची गरज नाही. हा फोटो पाहून मला फार संताप आला.

आता त्या अभिनेत्रीबद्दल. माझं आयुष्य नाशिकच्या गोळे कॉलनीत, औषधांच्या घाऊक धंद्यात गेलं. अशी जाहिरात लागली, की पंचवटी, सातपूर, देवळालीच्या दुकानदारांचे फोन सुरू व्हायचे. गिऱ्हाइकाला मालाचं नाव आठवत नसे. "अहो, त्या मालिकेतल्या आईचं आहे का?" असं विचारत. लोक चेहरा मागायला येत होते. म्हणून 'आम्ही फक्त लिहून दिलेलं बोलतो' हे कलाकारांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. त्यांना पैसे मिळतात ते त्या विश्वासाचेच.

कायद्यालाही ते पटत नाही. मधुमेह बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला १९५४च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदीच आहे, मग माल आयुर्वेदिक असो की आणखी कसला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर जाहिरातीतला चेहराही सापडतो. फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्याला १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिवाय एक वर्ष, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत, जाहिराती करायला मनाई. दावा खरा आहे का याची पुरेशी शहानिशा आपण केली होती, हे दाखवलं तरच सुटका. इंडियन मेडिकल असोसिएशनने पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२४ मध्ये सांगितलं, की फसव्या जाहिरातीला प्रसिद्ध चेहरे तितकेच जबाबदार आहेत.

पैसे न घेताही नुकसान होतं, हेही सांगतो. अमेरिकेतले डॉ. मेहमेत ओझ हे खरोखरचे हृदयशल्यविशारद. त्यांनी आपल्या टीव्ही कार्यक्रमात वजन उतरवण्यासाठी ग्रीन कॉफीच्या अर्काची भरभरून स्तुती केली आणि तो माल विकणाऱ्यांचं फावलं. जून २०१४ मध्ये तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, सिनेटमध्ये झालेल्या सुनावणीत सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी त्यांना धारेवर धरलं. ज्या अभ्यासाचा एवढा गाजावाजा झाला तो आपल्या भारतातच, अवघ्या १६ जणांवर केलेला होता. त्याच वर्षी तो मागे घेण्यात आला. पदवी असलेल्या माणसाच्या तोंडून असं होतं, तर पाठ केलेल्या संवादाचं काय घेऊन बसायचं?

तक्रार जरूर करा. डबा आणि बिल टाकू नका. जाहिरात मोबाइलवर रेकॉर्ड करा. चॅनल, तारीख, वेळ लिहून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. सोबत अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पैसे परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

प्रश्न : मी नाशिकचा नाट्यकलावंत. एका मालिकेत छोटी भूमिका केल्यावर आता वजन कमी करणाऱ्या पावडरची जाहिरात आली आहे. पांढरा कोट घालून 'महिन्यात दहा किलो' म्हणायचं आहे. पैसे चांगले आहेत. करू का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : कोट घालू नका. कालिदास कलामंदिरात तुम्ही डॉक्टर झालात तर प्रेक्षकाने नाटकाचं तिकीट काढलेलं असतं. दुपारी घरात बसलेल्या बाईला कुणी सांगितलेलं नसतं की हे नाटक आहे.

लठ्ठपणाही १९५४च्या त्या कायद्याच्या यादीत आहे. अन्नपदार्थ म्हणून विकत असतील तर अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली फसव्या जाहिरातीत सामील असणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून सही करण्याआधी परवान्याची प्रत, 'दहा किलो'चा पुरावा असलेला अभ्यास आणि मान्य झालेलं लेबल लेखी मागा. ईमेलवरच मागा, म्हणजे मागितल्याची नोंद राहते. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. 'खटला झाल्यास कंपनी बघेल' असं कलम करारात घालतो म्हणाले, तरी तुमच्या नावाची नोटीस तुमच्याच घरी येईल.

तुम्ही लिहिलेला मानधनाचा आकडा मी इथे छापत नाही. रंगभूमीवर पोट भरत नाही हे मला ठाऊक आहे, आणि एवढी रक्कम नाकारायला किती जड जातं तेही कळतं. कंपनीने कागद दिले तर मला पाठवा, मी वाचून कळवीन. दिले नाहीत, तर नकार कळवून टाका.